चित्रकलेच्या तासाला मुलांनी नेमकं शिकायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका शाळेत पाचवी ते आठवीला चित्रकला शिकवायला नुकत्याच लागलेल्या एका मराठी शिक्षिकेने विचारलंय: आठवड्याला एकच तास, वर्गात पन्नासेक मुलं, सामान म्हणाल तर फळा आणि खडू. मोठ्या बेनना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, वार्षिकोत्सवाला प्रदर्शन हवं, पालकांना स्पर्धेतलं बक्षीस हवं, आणि परीक्षा तोंडावर आली की तास गणिताकडे जातो. मग या तासाचा हेतू काय धरायचा, आणि तो घ्यायचा कसा?

मी याच गावात हा विषय शिकवत केस पांढरे केलेत, म्हणून जरा पाल्हाळ लावते. सांभाळून घ्या.

उत्तर आधी, कारणं मागाहून. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, आणि बघितलेल्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं हे स्वतः ठरवावं, यासाठी हा तास आहे. शाळेतल्या बाकी बहुतेक विषयांत उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर असतं. इथे नसतं. कागदावर झाड कुठे उभं करायचं, किती मोठं, त्याचा शेंडा कागदाबाहेर गेला तर चालेल का, हे दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं लगेच समोर दिसतं. म्हणून तास झाल्यावर सगळे कागद व्हरांड्यात मांडून बघत जा. पन्नासच्या पन्नास सारखे निघाले तर चित्र तुम्ही काढलंत, मुलांनी फक्त गिरवलं.

ते एकसारखं चित्र तुम्हालाही पाठ असेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत जाणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. आता बडोद्याच्या मुलाने हे पाहिलं कुठे? आपल्याला डोंगर म्हणजे एक पावागड. पावसाने हवा धुतली गेली की उंच गच्चीवरून दिसतो, आणि तो त्रिकोणी मुळीच नाही. पायऱ्यापायऱ्यांचा, बसका, वर एक टोक काढलेला. नदी म्हणजे विश्वामित्री, गढूळ आणि मगरींची. एकदा सातवीला नुसतं विचारून बघा, 'पावागड पाहिलेल्यांनी आठवून काढा.' आधी सगळे त्रिकोण काढतात. मग एखादा म्हणतो, 'बेन, असा नाही तो, मधे सपाट आहे.' तिथून भांडण सुरू होतं आणि तास लागतो.

हे गिरवणं आलं कुठून, हे माहीत असलं तर वरिष्ठांशी बोलायला बरं पडतं. आपल्या शाळांत ड्रॉइंग आलं ते कलावंत घडवायला नव्हे. इंग्रजी अमदानीत ते आलं कारागिराचा आणि नकाशा काढणाऱ्याचा हात बसावा म्हणून. त्यामुळे नमुना समोर ठेवून तंतोतंत उतरवणं हाच अभ्यास होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवनही, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली, रंगाई, विणकाम, सुतारकाम असल्या उद्योगांना माणसं तयार करायलाच उभं राहिलं. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले, ही त्या शाळेची वरकमाई. महाराष्ट्रातल्या आपल्या भाचे-पुतण्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन करावं लागतं, त्यातही या शिस्तीची सावली आहे. मी त्या शिस्तीला नावं ठेवत नाही. हात बसावाच लागतो.

दुसरा प्रवाह नेमका उलटा. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी वर्ग काढला आणि म्हटलं, मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, त्याला त्याचे स्वतःचे नियम आहेत. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला गेले आणि गांधीजींच्या नई तालीम शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवताना हाच विचार त्यांनी आपल्या मातीत रुजवला. पण हा विचार शाळाशाळांत पोचेपर्यंत त्याचं झालं असं, की 'कागद घ्या आणि मनाला येईल ते काढा.' बाईंनी तेवढ्यात हजेरीपट भरायचा. आठवीतल्या मुलाला 'मनाला येईल ते काढ' म्हणणं हा छळ आहे. त्याच्या मनात काही येत नाही, आलं तर ते कागदावर उतरत नाही, आणि शेजारचा बघून हसेल ही धास्ती वेगळीच.

तुमच्या नेमक्या इयत्ता इथे महत्त्वाच्या आहेत. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांच्या ज्या पायऱ्या सांगितल्या त्या वर्गात उभं राहून पडताळून बघता येतात. साधारण नवव्या वर्षापर्यंत मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. जमिनीची एक पट्टी खाली, आकाशाची एक वर, मधे मोकळं. घराच्या भिंतीतून आतली आजी आणि तिचा पाट दिसतो. ते सुखात असतं. पुढे नवव्या-दहाव्या वर्षी डोळा जागा होतो आणि मूल आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतं. हात मागे, डोळा पुढे. मग खोडरबर येतो, पट्टी येते, 'मला नाही येत' येतं. आजूबाजूच्या मोठ्या माणसांना माणूस काढायला सांगून बघा. बहुतेकांचं चित्र याच वयात अडकलेलं दिसेल. पाचवी ते आठवी म्हणजे नेमका हा घाट. इथे मुलाला मोकळं सोडण्यापेक्षा हात धरायची गरज जास्त असते, आणि हात धरायचा म्हणजे आपला नमुना पुढे करायचा नाही, तर बघायची रीत द्यायची.

ती कशी द्यायची, याचा एक तास सांगते. सामान लागतं ते मुलांच्या पायात असतं.

प्रत्येकाने आपला उजवा बूट काढून बाकावर ठेवायचा. (खिडक्या उघडा.) पहिली पाच मिनिटं कागदाकडे बघायचंच नाही. डोळा बुटाच्या टाचेवर ठेवायचा आणि मुंगी कडेकडेने चालते तसा पुढे न्यायचा. डोळा चालेल तेवढीच पेन्सिल चालवायची. हात उचलायचा नाही. कागदावर जे निघतं ते बघून वर्गात हशा पिकतो, आणि तो पिकू द्यावा, कारण सगळ्यांचंच वाकडं आलेलं असतं आणि 'मला नाही येत'मधली हवा तिथे जाते. मग नवा कागद, आता बघून. इथे वर्गातून फिरत फक्त प्रश्न विचारा. नाडी दुसऱ्या भोकातून वर येते की खाली जाते? जीभ नाडीच्या मागे आहे ना, मग ही रेघ नाडीवरून कशी गेली? तुला तळवा दिसतोय का इथून? नाही ना, मग काढलास कशाला? या एका प्रश्नात मुलाला 'माहीत असलेलं' आणि 'दिसणारं' यातला फरक कळतो, आणि माझ्या मते सहावीच्या वर्षात एवढं कळलं तरी फी वसूल. एखाद्याला दिसतं की आपली टाच एकाच बाजूने झिजली आहे. तो शेजाऱ्याची बघतो. मग सगळा वर्ग आपण चालतो कसे याची चौकशी करत बसतो. बसू दे. झिजलेली टाच त्यानंतर सगळ्यांच्या चित्रात येते, तुम्ही न सांगता.

या तासाला खोडरबर बंद. चुकलेली रेघ राहू द्यायची, तिच्या शेजारी दुसरी काढायची. पट्टीही बंद.

आणि एक पथ्य कडक पाळा: मुलाच्या कागदावर तुमची पेन्सिल लागता कामा नये. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवा आणि तो चिठोरा खिशात घाला. मूल लाख म्हणेल, 'बेन, नाक तेवढं काढून द्या ना.' नाक दिलंत की पुढच्या तासाला डोळे मागेल.

तुमचं बोलणं हे या विषयातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं साधन आहे, आणि आपण ते 'छान', 'सुंदर', 'अजून नीट कर' एवढ्यावर उडवतो. 'छान'मधून मुलाला काय कळणार? त्यापेक्षा दिसलं ते सांगा. 'तुझ्या म्हशीचं वजन मागच्या पायांवर आलंय.' 'सगळी माणसं कागदाच्या डाव्या बाजूला गोळा झालीत, मुद्दाम केलंस का?' मुद्दाम असेल तर मूल कारण सांगेल, नसेल तर पुन्हा बघेल. दोन्ही हवंच आहे.

स्मरणचित्राचंही असंच. परीक्षेसाठी ते शिकवताना ठरीव माणसं पाठ करून घेतात: फुगेवाला, छत्रीतली बाई, पतंग उडवणारा मुलगा. स्मरण कसलं, पाठांतर ते. त्याऐवजी खंडेराव मार्केट घ्या. 'आईबरोबर गेलात ना? भाजीवाली कशावर बसते? वजनकाटा तिच्या कुठल्या बाजूला? टोपल्या उतरत्या लावलेल्या की सपाट?' निम्म्यांना आठवत नाही. ठीक आहे, तास तिथेच थांबवा, अर्धं चित्र पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. पुढच्या वेळी ती बघून आलेली असतात आणि एकमेकांच्या चुका काढत असतात.

रंगांबद्दल थोडं. बारा रंगांची पेटी मुलाला आळशी करते. वर्गासाठी पोस्टर कलरच्या तीनच मोठ्या बाटल्या घ्या: लेमन पिवळा, क्रिमसन लाल, निळा. लाल क्रिमसनच घ्यावा, शेंदरी छटेचा लाल निळ्यात मिसळला की जांभळा न होता चिखल होतो. काळा ठेवूच नका. हिरवा गडद करायचा तर त्यात थेंबभर लाल घालायचा, हे मुलांना स्वतः सापडू द्या. मग अंगणातलं एक वडाचं पान, एक कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी आणि कशाचंही एक सुकत आलेलं पान देऊन म्हणा, रंग असा जुळवा की तुमचा ठिपका पानावर ठेवला तर दिसू नये. एका बाकाला एक पान पुरतं. वडाच्या पानाची पाठ आणि पोट यांचे हिरवे वेगळे आहेत, हे कुणी तरी ओरडून सांगतंच.

बाकी सामान गावात पडलेलं आहे. छापखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि चौकोन मागितले तर मिळतात, आणि पाठकोरा कागद तर शाळेच्या ऑफिसातच असतो. ड्रॉइंगच्या वहीचं पान लहान असतं, त्यात हात कोंडतो. वर्षातून दोन-तीनदा तरी जुन्या वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर कोळशाने किंवा गेरूने काढायला द्या. गणपती झाले की मूर्तिकारांकडे शाडू उरते. उत्तरायणानंतर, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीनंतर, तर बघायलाच नको, गच्च्यांवर आणि झाडांत फाटके पतंग. तो पातळ कागद एकावर एक चिकटवला की दोन रंगांतून तिसरा दिसतो, जो रंग कालवूनही तसा येत नाही. जानेवारीचे सगळे तास यावर निघतात, एक पैसा न घालता. मांजा मात्र आणू देऊ नका.

मुलांना मूळ चित्रं दाखवा, मोबाइलवरची नव्हे. हे सुख पुण्या-मुंबईच्या मुलांनाही आपल्याइतकं सहज नाही. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा घ्या: बडोद्याच्या दिवाणाचं घर, एकोणिसाव्या शतकातली भिंतीचित्रं, कृष्णलीलेपासून लढायांपर्यंत. कीर्तिमंदिरात नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेल्या चार भिंती आहेत: गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा. गावातल्या मोठ्या मोठ्या माणसांनीही त्या पाहिलेल्या नसतात. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे; मुलांना ममीच बघायची असते, ती आधी दाखवून टाका, मग सांगाड्याखाली बसवा आणि फक्त बरगड्यांमधली मोकळी जागा काढायला सांगा. हाड काढायचं नाही, फट काढायची. सहलीत माहिती सांगत सुटू नका. एका चित्रापुढे दहा मिनिटं बसवा आणि 'इथे सगळ्यात आधी तुझा डोळा कुठे गेला?' एवढंच विचारा.

याच गावात १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली. मूळचे इंदूरचे आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत होते. पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराने तिथल्या फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी लाकडाची, मण्यांची खेळणी केली. आठवीतल्या मुलांना हे जरूर सांगा, कारण त्यांच्या घरी 'कलावंत' म्हटलं की उपाशी माणूस डोळ्यांपुढे येतो.

आता कलासमावेशन, म्हणजे इतर विषय कलेच्या जोडीने शिकवणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि इतर विषयांत भिंत नको म्हटलं, एनसीईआरटीने नव्या अभ्यासक्रमात कलेला स्वतःची पुस्तकंही दिली. तिसरीचं 'बांसुरी' आणि सहावीचं 'कृति' मिळालं तर जरूर चाळा. हेतू चांगला आहे. शाळेत मात्र त्याचा अर्थ होतो इतिहासाच्या तक्त्याला नक्षीची किनार. चित्रकलेने दुसऱ्या विषयाची हमाली करायची, आणि तास दोघांचा मिळून एक! खरा मेळ घालायचा तर विज्ञानाच्या बाईंना सांगा, पानाच्या शिरा मुलांनी आधी बघून काढाव्यात, पुस्तकातली आकृती नंतर उघडावी. पिठोरा या आदिवासी भिंतीचित्राचंही तेच. छोटा उदेपूरकडच्या राठवांच्या घरात पिठोरा भिंतीवर येतो तो बोललेला नवस फेडायला. ते घोडे देवांचे, समोर बडवा (त्यांचा पुजारी) बसलेला, रात्र जागवलेली. ते सोडून नुसते घोडे भेटकार्डाच्या कडेला नाचवायचे याला मी लोककला शिकवणं म्हणत नाही. आधी गोष्ट सांगा, मग मुलांनी आपल्या घरच्या भिंतीवर काय लिहिलं-काढलं जातं ते काढावं. दिवाळीची लक्ष्मीची पावलं निघतील, दारावरचं शुभ-लाभ निघेल, जिवतीचा कागद निघेल.

पालक आणि वरिष्ठ यांना पटवताना 'चित्र काढल्याने गणिताचे मार्क वाढतात' हे हत्यार वापरू नका. मोह होतो, मला माहीत आहे. पण हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झिरो या संशोधन गटात एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी उपलब्ध संशोधन तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात दृश्यकलेमुळे शालेय विषयांतले गुण वाढतात याला भक्कम आधार सापडला नाही. आणि समजा वाढत असते, तरी ज्या दिवशी गणित वाढवायचा त्याहून स्वस्त उपाय निघेल त्या दिवशी तुमचा तास गेला. त्यापेक्षा जे दिसतं ते दाखवा. प्रत्येक मुलाची एक फाईल करा, वर्तमानपत्राची घडी घालून, वर नाव. त्यात जूनचा बूट आणि मार्चचा बूट ठेवा. पालकसभेत दोन्ही शेजारी ठेवले की बोलावं लागत नाही. मार्कही त्यावरूनच द्यावेत: मूल स्वतःच्या जूनपासून किती हललं यावर, वर्गातल्या 'आर्टिस्ट'शी तुलना करून नाही.

स्पर्धांना मी मुलांना पाठवते, पण तयारी करून घेत नाही. 'पाणी वाचवा' म्हटलं की नळ, त्यातून गळणारी पृथ्वी आणि खाली ओंजळ, हे चित्र परीक्षकांनी इतक्यांदा पाहिलंय की एखाद्या पोरीने आपल्या पोळातल्या (जुन्या गल्लीतल्या) टाकीपाशी लागलेली घागरींची रांग काढली तर त्यांचीही मान वर होते. बक्षीस मिळेलच असं नाही.

प्रदर्शनासाठी वेगळं काही करायचंच नाही. मोठ्या बेनना हवं ते पन्नास चौकटीतलं गुळगुळीत काम नेहमी शिक्षिकेने रात्री जागून केलेलं असतं, आणि पाहुण्यांना ते कळतं. फायलीतलेच कागद लावा. प्रत्येक मुलाचा एक, मुलाने निवडलेला, आणि खाली त्याच्याच अक्षरात एक ओळ, 'हे काढताना काय अवघड गेलं.' लोक चित्रांपेक्षा त्या ओळी वाचत उभे राहतात.

राहता राहिला गणिताने नेलेला तास. पस्तीस मिनिटांत दहा मिनिटं वाटपात आणि दहा आवरण्यात जातात, तेव्हा आठवड्याच्या एका तासाऐवजी पंधरवड्यातून एकदा जोडतास मागा. सुट्टीला लागून असेल तर उत्तम, रंग वाळायला वेळ मिळतो. तासांची बेरीज तीच राहते म्हणून वरिष्ठांची हरकत नसते, आणि जोडतास दुसऱ्याला उचलायला जड जातो. गणिताला एक मोकळा तास हवा असतो, दोन नाही. वेळापत्रक लावणाऱ्या सरांकडे हे शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात घेऊन जा. एकदा ते स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटलं की दिवाळीपर्यंत कुणी हात लावू देत नाही.